बोअरवेलचे पाणी, सॉफ्टनर आणि न उतरणारा पीएच

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली माशांची टाकी ३६ × १५ × १५ इंची असून वाळू आणि दगड वजा जाता तिच्यात सुमारे १२० लिटर पाणी राहते. पुण्याच्या पूर्वेकडील उपनगरातील आपल्या सोसायटीला बोअरवेलचे पाणी येते आणि उन्हाळ्यात त्यात टँकरची भर पडते. चार महिन्यांपूर्वी सोसायटीने सॉफ्टनर बसवला, बादल्यांवर पांढरे थर साचणे थांबले, परंतु टाकीचा पीएच ८.४ वरून हलत नाही. दुकानातून आणलेले पीएच उतरवणारे द्रावण घातले की संध्याकाळी तो ७ वर येतो, सकाळी पुन्हा ८.३ वर जातो, आणि त्या संध्याकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात. दोन वेळा आणलेले निऑन टेट्रा आठवडाभरात मेले. एंजल माशांच्या जोडीने पानावर घातलेली अंडी दोन दिवसांत पांढरी पडली. नळाच्या पाण्याची आपण दिलेली मोजमापे अशी आहेत: जीएच ४, केएच १५, पीएच ८.४ आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, ६२०.

आपण मोजमापे दिलीत हे फार चांगले केले, कारण निदान त्यांतच आहे. जीएच म्हणजे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, अर्थात ज्याला आपण शाळेत काठिण्य म्हणून शिकलो ते. केएच म्हणजे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता. दोन्हींचा एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. आपल्याकडील खडकांतून बायकार्बोनेट बहुतेक वेळा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या सोबतीनेच पाण्यात उतरते, म्हणून बोअरवेलच्या पाण्यात जीएच हा सहसा केएचइतका किंवा त्याहून अधिक असतो. आपल्या पाण्यात मात्र केएच १५ आणि जीएच अवघा ४ आहे. कॅल्शियम कोणीतरी काढून घेतले आहे आणि बायकार्बोनेट जागेवरच राहिले आहे, असा याचा अर्थ. आणि सॉफ्टनर नेमके हेच करतो. त्यातील राळेचे मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात व त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात, म्हणूनच त्या यंत्राला अधूनमधून मिठाचे पाणी द्यावे लागते. बायकार्बोनेटला हे मणी हातही लावत नाहीत. त्यामुळे साबणाला फेस येऊ लागतो, गिझरची कॉइल वाचते, परंतु पीएच होता तिथेच राहतो आणि टीडीएसही जवळजवळ तेवढाच राहतो. माशांच्या दृष्टीने पाहिले तर सॉफ्टनरने पाणी सुधारलेले नाही, उलट एका बाजूने थोडे बिघडवले आहे. माशांना हाडांसाठी, कल्ल्यांच्या कामासाठी आणि शरीरातील क्षारांचा समतोल राखण्यासाठी जे कॅल्शियम लागते ते गेले, आणि ज्याची कोणालाच गरज नव्हती ते सोडियम आले.

म्हणून पहिले काम असे करावे की सॉफ्टनरच्या आधीच्या वाहिनीवरील पाणी तपासावे. बहुतेक सोसायट्यांत बागेचा किंवा पार्किंगचा नळ या यंत्रातून जात नाही. देखभाल करणाऱ्या माणसाला विचारल्यास तो दाखवील. तेथे जीएच वीस-बावीसच्या आसपास आणि केएच १५ च मिळेल, असा माझा अंदाज आहे. पुढील हिशेब मी जीएच २२ धरून केला आहे. आपले प्रत्यक्ष मोजमाप वेगळे आले तर त्याच रीतीने आकडे बदलून घ्यावेत.

हे पाणी असे का आहे हेही सांगितले पाहिजे, कारण ते दूषित आहे असा अनेकांचा समज होतो. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, म्हणजे बेसाल्टचे आहे. मातीतून झिरपताना पावसाचे पाणी कार्बन डायऑक्साइड उचलते, त्याने सौम्य आम्ल झालेले पाणी बेसाल्टमधील खनिजे हळूहळू विरघळवते, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट घेऊन भेगांमध्ये साठून राहते. पाणी जितके खोल आणि जितके जुने, तितके ते जड. याच पुण्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव या धरणांचे पाणी मऊ असते, कारण ते सह्याद्रीवर पडून थेट जलाशयात येते आणि खडकाशी त्याचा सहवास अल्प असतो. पेठेत राहणारा आपला मित्र नळाच्या पाण्यात निऑन सहज पाळतो आणि आपल्याकडे ते मरतात, याचे मूळ मासे पाळण्याच्या कौशल्यात नसून पाण्याच्या या दोन वेगळ्या वाटांत आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, अल्कता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगी मानली जाते. आपले केएच १५ म्हणजे सुमारे २६८ मिलिग्रॅम. तेव्हा यातील कोणताही आकडा घाबरण्याजोगा नाही.

आता द्रावणाच्या बाटलीकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या टाकीतील सर्वांत धोकादायक वस्तू तीच आहे. पीएच, केएच आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हे तिघे एकमेकांना बांधलेले आहेत. यांपैकी दोन ठरले की तिसरा आपोआप ठरतो. आम्ल घातले की ते बायकार्बोनेटचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करते. आपल्या पाण्यात बायकार्बोनेटचा केवळ सहावा हिस्सा आम्लाने खर्च झाला, म्हणजे केएच १५ वरून साडेबारावर आला, तरी लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्याच्यामुळेच पीएच तात्पुरता ७ दिसतो. इतक्या कार्बन डायऑक्साइडमध्ये माशांना कल्ल्यांवाटे स्वतःच्या रक्तातील वायू बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते वर येऊन धडपडतात. रात्रभर एअर पंप चालल्यावर हा वायू उडून जातो, बायकार्बोनेटचे पाच हिस्से तसेच शिल्लक असतात, आणि सकाळी पीएच पुन्हा ८.३ होतो. आपल्या चाचणीत चूक झालेली नव्हती, औषधही नकली नव्हते. जे घडले ते रसायनशास्त्राप्रमाणेच घडले. हेच रोज केले तर माशांना चोवीस तासांत सव्वा अंकाचा चढउतार सोसावा लागतो, आणि पीएचचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक असतो. अशा प्रकारच्या अनेक द्रावणांत फॉस्फेट असते. जड पाण्यात ते कॅल्शियमशी संयोग पावून पाणी दुधाळ करते आणि पुढे शेवाळाला खत पुरवते. ती बाटली कृपया आजच बाजूला ठेवावी.

निऑन का मेले याचे एकच कारण मी खात्रीने सांगू शकणार नाही, परंतु दोन गोष्टींचा संशय प्रबळ आहे. एक म्हणजे हाच रोजचा चढउतार. दुसरी अमोनिया. महाराष्ट्रात विकले जाणारे शोभेचे मासे मोठ्या प्रमाणात कोलकाता आणि चेन्नईकडून पिशव्यांत बंद होऊन येतात. प्रवासात पिशवीतील पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि माशांनी टाकलेला अमोनिया त्या कमी पीएचमध्ये निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी मुक्त रूपात असतो, पीएच ८.४ झाला की तोच भाग सुमारे १५ टक्के होतो. म्हणजे इतरांच्या टाकीत जी अमोनियाची किरकोळ मात्रा खपून जाते, ती आपल्या टाकीत वीसपट घातक ठरते. जड पाण्याच्या टाकीत फिल्टर पूर्ण पक्व होण्यापूर्वी, म्हणजे त्यात अमोनिया संपवणारे जिवाणू रुजण्यापूर्वी, मासे सोडू नयेत, अधिक खाणे घालू नये, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, हे नियम इतरांसाठी शिस्तीचे असतील, आपल्यासाठी ते जीवनमरणाचे आहेत. पिशवीतील पाणीही टाकीत ओतू नये. मासे जाळीने उचलून सोडावेत.

यापुढे आपल्यासमोर दोन मार्ग आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला मार्ग म्हणजे पाण्याला साजेसे मासे निवडणे. मला कोणी घरी येऊन विचारले तर मी आधी हाच सुचवतो, कारण तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि घरातील प्रत्येकाला जमतो. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणीच मानवते. मऊ पाण्यात मॉली अंग आकसून डुलत राहते, ती आपल्या बोअरवेलच्या पाण्यात टवटवीत होते. हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पालिका विहिरींत आणि हौदांत सोडतात तो गप्पी मासाही याच कुळातला. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पाणी पीएच ७.७ ते ८.६ इतके अल्कधर्मी आहे, त्यामुळे तेथील सिक्लिड मासे आपल्या पाण्यात कोणत्याही खटाटोपाशिवाय रंग भरतात. मात्र ते भांडखोर असतात आणि १२० लिटरची टाकी त्यांच्यातील मोजक्याच लहान जातींना पुरते. रेनबो मासे, गोल्डफिश हेही आहेतच, फक्त गोल्डफिशला १२० लिटरमध्ये दोनहून अधिक संख्येने ठेवू नये. या मार्गाने गेल्यास एकच पथ्य आहे: पाणी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे घ्यावे.

आपला जीव एंजल आणि निऑनमध्येच गुंतला असेल, आणि पत्रावरून तसे वाटते, तर दुसरा मार्ग पाणी पातळ करण्याचा आहे. येथे लक्ष केएचवर ठेवावे आणि पीएचला त्याच्या मागून येऊ द्यावे. आरओचे पाणी जवळजवळ क्षाररहित असते, म्हणून हिशेब सरळ आहे: एक भाग सॉफ्टनरपूर्वीचे पाणी आणि दोन भाग आरओचे पाणी मिसळल्यास जीएच सुमारे ७ आणि केएच ५ होतो. एंजल, कोरीडोरास, बहुतेक टेट्रा आणि मत्स्यशेतीत वाढवलेले निऑन या पाण्यात सुखाने राहतात. पीएच मात्र तेवढ्या प्रमाणात उतरणार नाही, याची कल्पना आधीच असू द्यावी. केएच एक तृतीयांश केला तर पीएच केवळ अर्ध्या अंकाने उतरतो, म्हणजे आपल्या टाकीत तो ७.९ च्या जवळपास स्थिरावेल. हा आकडा पाहून पुष्कळ जण निराश होतात आणि पुन्हा बाटलीकडे वळतात. वळू नये. माशाच्या शरीराला सर्वाधिक श्रम पडतात ते पाण्यातील क्षारांच्या एकूण प्रमाणाशी जुळवून घेताना, आणि ते प्रमाण आपण एक तृतीयांश केलेले असते.

हे मिश्रण टाकीत एकदम घालू नये. दर आठवड्याला २४ लिटर, म्हणजे पाचवा हिस्सा पाणी बदलावे: १६ लिटर आरओचे आणि ८ लिटर मूळ पाणी, दोन्ही बादलीत आधी एकत्र करून आणि टाकीच्या तापमानाला आणून. पहिल्या आठवड्यात केएच १५ वरून १३ होईल, मग साडेअकरा, मग दहा, आणि आठ आठवड्यांत तो साडेसहाच्या आसपास येईल. दर वेळी पीएचमध्ये एका अंकाच्या दशांशाहूनही कमी फरक पडेल, जो माशांना जाणवणारही नाही. मी एकदा घाई करून एका दुपारी अर्धी टाकी आरओच्या पाण्याने बदलली होती आणि दुसऱ्या सकाळी चार कोरीडोरास गमावले. त्या वेळी पीएच अगदी हवा तसाच होता, म्हणून ती चूक कळायला मला बरेच दिवस लागले.

स्वयंपाकघरातील आरओ वापरताना तीन गोष्टी तपासाव्यात. अनेक यंत्रांत पाण्याला चव यावी म्हणून मूळ पाणी परत मिसळणारा टीडीएस नियंत्रक किंवा खनिजांची नळी बसवलेली असते. आपल्या ग्लासातील पाण्याचा टीडीएस ३० असेल तर ठीक, १२० असेल तर वरचा हिशेब चुकेल. म्हणून आरओच्या पाण्याचा केएचही थेंबांच्या चाचणीने मोजावा. टीडीएस मीटर विद्युतवाहकता मोजतो, त्याला कॅल्शियम आणि सोडियम यांतील फरक कळत नाही, आणि आपल्या प्रकरणात घोळ झाला तो याच फरकाचा. दुसरे, नुसते आरओचे पाणी कधीही वापरू नये. फिल्टरमधील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना केएच खात असतात; ज्या पाण्यात केएच मुळातच नाही तेथे काही आठवड्यांत पीएच ५ च्या खाली कोसळतो आणि तेच जिवाणू काम थांबवतात. तिसरे, यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी अधिकच क्षारयुक्त असते. ते फरशी पुसायला, भांडी विसळायला वापरावे, टाकीत नाही. एक चांगली बाजू अशी की आपल्या आरओला सॉफ्टनरनंतरचे पाणी मिळत असल्यामुळे त्याची मेम्ब्रेन क्षारांनी लवकर चोंदणार नाही. सॉफ्टनर माशांना उपयोगी पडतो तो असा आडवळणाने.

जून ते सप्टेंबर या काळात आपल्याला आरओपेक्षाही चांगला स्रोत फुकट उपलब्ध असतो. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यावेत, नंतर स्वच्छ गच्चीवरील किंवा उघड्यावर ताणलेल्या प्लास्टिकवरील पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवावे. गंजलेला पत्रा, नुकताच रंग किंवा जलरोधक लेप दिलेली गच्ची, कबुतरांची वस्ती असलेला सज्जा येथील पाणी घेऊ नये. ड्रमवर बारीक जाळी घट्ट बांधावी, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. शंभर लिटरचे दोन ड्रम भरले तर आपल्या टाकीचे तीन महिने निघतात.

उन्हाळ्यातील बाष्पीभवन हा विषय लहान दिसतो, पण जड पाण्याच्या टाकीत मोठा आहे. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. डेझर्ट कूलरच्या गवतावर मे महिन्यात जो पांढरा थर चढतो, तो याच क्रियेचा. आपल्या टाकीतून एप्रिल-मेमध्ये दिवसाला एक लिटर पाणी उडत असेल आणि आपण तितकेच बोअरवेलचे पाणी घालून पातळी राखत असाल, तर महिन्याभरात क्षार पंचवीस टक्क्यांनी वाढतात. टाकीवर पंखा लावला असेल तर त्याहून जास्त. पातळी राखण्यासाठी घालायचे पाणी नेहमी आरओचे किंवा पावसाचे असावे.

टाकीतील वाळू आणि खडेही पाहून घ्यावेत. दुकानांत शोभेसाठी मिळणारे पांढरे खडे अनेकदा संगमरवराचे तुकडे असतात, आणि कोकणातून हौसेने आणलेल्या किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. सुक्या खड्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकून बारकाईने पाहावे. बुडबुडे उठले तर तो खडा चुन्याचा आहे. सध्याच्या पाण्यात तो फारसा विरघळत नसेल, कारण पाणी आधीच क्षारांनी भरलेले आहे, परंतु आपण केएच ५ वर आणल्यानंतर तो विरघळू लागेल आणि आपली आठ आठवड्यांची मेहनत हळूहळू परत घेईल. असे खडे काढून काळी बेसाल्टची खडी किंवा नदीची धुतलेली वाळू घालावी.

घरगुती उपायांपैकी तुरटी अजिबात नको: ती केएच उतरवते हे खरे, पण पाण्यात ॲल्युमिनियम सोडते आणि ते कल्ल्यांना इजा करते. लिंबू आणि व्हिनेगर हीही आम्लेच आहेत, त्यांची गत बाटलीसारखीच होते. पाणी उकळल्याने कॅल्शियमला बांधलेले बायकार्बोनेट तळाशी बसते, पण ते सॉफ्टनरपूर्वीच्या पाण्यात, आणि दर आठवड्याला चोवीस लिटर उकळणे कोणालाही दीर्घकाळ जमत नाही. देशी बदामाची वाळलेली पाने मात्र जरूर घालावीत. केएच १५ असताना ती पीएच हलवू शकणार नाहीत, परंतु त्यांच्यातील टॅनिनने पाणी चहासारखे होते, मासे निर्धास्त होतात आणि बुरशीला थोडा आळा बसतो. पाणी आम्लधर्मी करण्यासाठी वापरतात त्या खऱ्या पीट मॉसऐवजी नर्सरीतील कोकोपीट घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. त्यात अनेकदा मिठाचा अंश राहिलेला असतो.

वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावण्याचा विचार आपण पुढे केलात, तर केएच पाचवर आल्यावरच करावा. आजच्या केएचवर पीएच ७ आणण्याइतका वायू म्हणजे लिटरमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम, वर सांगितल्याप्रमाणे माशांना धडपडायला लावणारा. तोवर व्हॅलिस्नेरिया, अनुबियास आणि जावा फर्न या पाण्यात उत्तम वाढतात.

एंजलच्या अंड्यांबाबत थोडा धीर धरावा. नव्या जोडीची पहिली दोन-तीन वीण बुरशीने वाया जाणे मऊ पाण्यातही घडते, त्यामुळे सारा दोष पाण्याला देता येणार नाही. केएच सातच्या खाली आल्यानंतरच्या विणीकडे लक्ष द्यावे; तेव्हाही सर्व अंडी पांढरी पडली, तर नर मादीच्या मागोमाग अंड्यांवरून फिरतो का हे पाहावे, कारण दुकानदाराने जोडी म्हणून दिलेले दोन्ही मासे माद्या असण्याचा अनुभव मला एकाहून अधिक वेळा आला आहे.

शेवटी टँकरबद्दल. एका टँकरचे पाणी धरणाचे असते, दुसऱ्याचे कुठल्या तरी खोल बोअरवेलचे, आणि सोसायटीच्या टाकीत ती दोन्ही मिसळतात. मार्चपासून पाऊस स्थिरावेपर्यंत दर आठवड्याला पाणी बदलण्यापूर्वी बादलीतील मिश्रणाचा केएच मोजावा आणि तो ५ येईपर्यंत आरओचे प्रमाण कमी-अधिक करावे. या चाचणीला दोन मिनिटे आणि काही थेंब लागतात. सॉफ्टनरपूर्वीच्या नळाचे मोजमाप हाती आले की मला कळवावे. जीएच २२ पेक्षा फार वेगळा निघाला तर मिश्रणाचे प्रमाण नव्याने बसवून देईन.